धूर नसलेली खोली

भाबी, तुम्हाला मातीत ठेवून माणसं परतली, आणि थोड्याच दिवसांत मी तुमच्या खोलीच्या दाराला वरवंटा लावून ठेवला. दार आपोआप लागू नये म्हणून. सलीमनं तो उचलून स्वयंपाकघरात नेला, मी परत आणला. त्यानं पुन्हा नेला, मी पुन्हा आणला. शेवटी त्यानं विचारलं, "अम्मी, काय चाललंय तुझं?" मी म्हटलं, "तुझ्या बडीअम्माला बंद दार सोसायचं न्हाय." साफ खोटं बोलले. उघड्या दाराशी तुमचं हाडवैर होतं, हे बावड्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. खोटं बोलताना वाटलं, तुम्ही आत्ता मागून ओरडाल, "आगं रेहाना, मेल्या माणसाच्या नावावर काय बी खपवतीस व्हय?"

तुम्ही माझी थोरली जाऊ. लोणी भापकरहून तुम्ही आधी आलात, कोऱ्हाळ्याहून मी नंतर आले, आणि बावड्याच्या त्या एका घरात आपण दोघींनी केस पांढरे केले. आपण भांडलो नाही असा आठवडा गेला नसेल. त्यामुळं तुम्ही गेल्यावर मी ऊर बडवून रडेन असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि मी रडलेही नाही. बायका आपसात कुजबुजल्या असतील. कुजबुजू देत. दुःख करायला माणूस जरा निवांत असावा लागतो. मी निवांत नव्हते. मी भ्याले होते, भाबी. अजूनही भ्यालेलीच आहे.

मय्यतीला आलेल्या बायका तुमचं तोंड बघून म्हणत होत्या, "काय नूर आलाय बघा. असं मरण नशिबात लागतं." तुमची शेवटची आंघोळ आम्ही तिघींनी घातली. सासूबाईंना घातली होती तेव्हा मी चोळत होते आणि तुम्ही पाणी ओतत होता, आठवतं? त्यांची नखं निळसर पडली होती, ओठ काळवंडले होते. तुमची नखं गुलाबी होती. ओठ गुलाबी होते. नुकतंच कढत पाण्यानं न्हाऊन आलेल्या माणसाची अंगकांती असते तशी तुमची होती. बाकीच्या दोघी कलमा म्हणत होत्या, आणि मी तुमची बोटं हातात धरून नुसती बघत बसले. बायकांना तो नूर वाटला. काय चुकतंय ते मला कळत नव्हतं, पण काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं.

आपलं निम्मं भांडण वाऱ्यावरून असायचं. बावड्याचं घर पत्र्याचं, भिंत आणि पत्रा यांच्यात हात सहज जाईल एवढी फट. तुम्ही त्या फटीत चिंध्या कोंबायचात. मी अंगणवाडीतून आले की त्या उपसून काढायची. "कानाला वारं लागतंय," तुम्ही म्हणायचात. "धूर कुठनं जाणार मग?" मी म्हणायची. मला सरकारनं प्रशिक्षण दिलेलं. बायकांना गोळा करून मी सांगायची, चुलीच्या धुरानं छाती खराब होते, डोळे जातात, स्वयंपाकघराला धुराडं पाहिजे. गावातल्या बायका माझं ऐकून माना डोलवायच्या, आणि माझ्याच घरात माझी थोरली जाऊ म्हणायची, "सरकारचं तू ऐक बाई. मी माझ्या सासूचं ऐकती." चिंध्या पुन्हा फटीत. त्यात चिमण्या माझ्या बाजूनं होत्या. घरट्यासाठी त्या चिंध्या ओढून न्यायच्या, आणि तुम्ही झाडू घेऊन त्यांच्या मागं.

पण बाळंतपणं तुम्हीच केलीत माझी, दोन्ही. तुमची स्वतःची कूस उजवली नाही, त्याबद्दल तुमच्या तोंडून मी कधी ब्र ऐकला नाही. सलीमच्या वेळी तुम्ही मला त्या कोपऱ्यातल्या खोलीत चाळीस दिवस ठेवलंत. बाजेखाली शेगडी, शेगडीत रसरसलेले निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं. दार लावलेलं, माझे कान फडक्यानं बांधलेले. सलीमला तुम्ही धुरीवरून असं अलगद फिरवायचात की तो रडायचा सुद्धा नाही. मी मात्र धुरानं डोळे चोळत तुम्हाला शिव्या द्यायची. तुम्ही हसायचात. "दे शिव्या. चाळीस दिवस झाल्यावर कंबर ताठ राहील तवा माझी आठवण काढ." कंबर खरोखर ताठ राहिली. तेव्हा काढली नाही आठवण, आता काढतेय.

त्या खोलीत आम्हाला काही झालं नाही, याचं कारण मला आत्ता कळलंय. तुमच्या चिंध्या कधी पुरल्याच नाहीत. फट उरायचीच. दाराखाली बोटभर जागा, कौलारू पडवीकडचा झरोका, चिमण्यांची भोकं. आपण भांडत बसलो होतो, आणि ते गळकं घर आपल्या दोघींना न विचारता हवा बदलत होतं.

मग सलीमनं बारामतीत घर बांधलं. एमआयडीसीत कंपनीच्या देखभाल खात्यात आहे पोरगा, सगळं वाचून, चौकशी करून करणारा. लग्नाआधी घर व्हायला पाहिजे म्हणाला आणि केलं. हलक्या विटांच्या भिंती, खिडक्यांना दोन-दोन काचा, काचेभोवती रबर, दारालाही रबर. मला म्हणाला, "अम्मी, एसी लावून हवा गार करायची आणि ती फटीतनं बाहेर घालवायची, म्हणजे रस्ता गार करायला वीज भरायची. ह्या घरात एक फट न्हाय." खरंच नव्हती. खिडकी लावली की समोरून उसाचा ट्रॅक्टर जाताना दिसायचा, दोन ट्रॉल्या हलताना दिसायच्या, आणि त्याच्यावरचं गाणं अजिबात ऐकू यायचं नाही. मला पहिल्यांदा ते बघून कसंतरी झालं. तुम्ही मात्र खुर्ची टाकून तिथं बसलात आणि मला हाक मारलीत.

"बघ रेहाना. शिकल्याली माणसं बी शेवटी माझ्याच वाटंनं आली का न्हाय?"

माझा स्वतःचा मुलगा तुमच्या बाजूला. आयुष्यभराचं भांडण तुम्ही जिंकलात, तेही माझ्याच लेकाच्या घरात. तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला राग आला आणि हसूही आलं. मी एवढंच म्हटलं, "काल तळलेल्या मिरच्यांचा ठसका आजबी घरातच हाय, भाबी." तुम्ही म्हणालात, "असू दे. आपल्याच मिरच्या हायत्या."

माझ्या लेकीला, नसीमला, दिवस गेले तेव्हा तुम्ही बावड्याहून येताना काय आणलंत? माणसं बदाम आणतात, खारका आणतात. तुम्ही एसटीत मांडीवर गोणपाटात गुंडाळून ती लोखंडी शेगडी आणलीत. कंडक्टर म्हणाला म्हणे, "मावशी, काय भट्टी लावताय का?" तुम्ही म्हणालात, "नातवाला शेकायचंय." इंदापूरहून नसीम माहेरपणाला आली की चाळीस दिवस तुमच्या खोलीत, तुमच्या देखरेखीखाली, हे तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सलीमनं तेवढं म्हटलं, "बडीअम्मा, भिंती पांढऱ्या हायत, छत पीओपीचं हाय. धूर बसला तर काळं पडंल." तुम्ही त्याच्या गालाला हात लावून म्हणालात, "तुझ्या भिंतीला डाग लागू दीन का मी?"

आणि लागू दिला नाहीत. तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जानेवारीतली दुपार, सलीम कामावर. तुमचे गुडघे धरलेले. तुम्ही गच्चीवर शेगडी पेटवलीत, पंख्यानं वारा घालत बसलात, धूर पार संपेपर्यंत, निखारे लालबुंद होईपर्यंत. मी म्हटलं, "भाबी, आणा आता खाली, शेक घ्या." तुम्ही म्हणालात, "थांब की. पोराच्या भिंतीला काळं लागंल." मग दोघींनी मिळून शेगडी तुमच्या खोलीत आणली. मी तुमच्या गुडघ्यांना तेल लावलं. तुम्ही निखाऱ्यावर ओवा टाकलात, आणि मला म्हणालात, "आधी माझ्या गुडघ्यावर बघती. खोली कशी तापतीया, किती येळ ऊब राहतीया, कळंल. नसीमची बाळंतखोली हाय ही, अंदाज पाहिजे." मी थोडा वेळ बसले. माझं डोकं जड झालं, मळमळल्यासारखं झालं. वाटलं, सकाळी तेलकट खाल्लं म्हणून असेल. तुम्हाला म्हटलं, मी कपडे वाळत घालून येते. तुम्ही म्हणालात, "जाताना दार लाव, ऊब जाईल."

गच्चीवर मोकळ्यात आले आणि डोकं उतरलं. शेजारणीशी बोलत बसले. खाली येऊन चहा ठेवला, तुम्हाला हाक मारली. ओ आली नाही. वाटलं डोळा लागला असेल. दार उघडलं, तर आतून मस्त ऊब आली, ओव्याचा वास आला. धूर नाही, कोंदट नाही, भिंती दुधासारख्या पांढऱ्या. तुम्ही बाजेवर भिंतीला टेकून, हात मांडीवर. खोलीत काहीही नव्हतं, भाबी. भ्यायचं कारण तेच आहे. काहीही नव्हतं.

डॉक्टर आले, बीपीच्या गोळ्या बघितल्या, वय विचारलं आणि हृदय थांबलं म्हणाले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्या घटकेला मलाही नाही. चुलीच्या धुराबद्दल मी अर्धं आयुष्य बायकांपुढं बोलले. धूर म्हणजे धोका, हे मला पाठ. मग धूर नाही तिथं काय बघायचं? तुम्हीही धूर घालवूनच शेगडी आत नेली होती. आपण दोघी आयुष्यात पहिल्यांदा एका मताच्या झालो होतो, ते त्या दुपारी.

नसीम बाळंतपणाला आली आणि तिला तपासायला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई बाळाच्या खोलीबद्दल विचारू लागल्या. नसीम उत्साहानं म्हणाली, "शेगडी आहे, बडीअम्मानं आणून ठेवलेली." बाईंनी पेन खाली ठेवलं. "खोलीला खिडकी आहे? उघडी असते? फट?" मग नसीमला वजनाला पाठवलं आणि मी हळूच विचारलं. आमच्या ओळखीच्या एक बाई बंद खोलीत शेगडीपाशी बसल्या बसल्या गेल्या, असं म्हणून विचारलं. त्यांनी मला विचारलं, जवळ कुणी बसलं होतं का, त्याचं डोकं दुखलं का, मळमळलं का, बाहेर गेल्यावर बरं वाटलं का. मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. मग त्यांनी विचारलं, "आणि त्यांचे ओठ, नखं?" मी माझ्या स्वतःच्याच नखांकडं बघायला लागले. त्यांना कळलं, ओळखीच्या बाई कोण ते.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "निखाऱ्यातनं जो वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो. त्यानंच ओठ, नखं अशी गुलाबी दिसतात. धूर असता तर त्या खोकत बाहेर तरी आल्या असत्या. जुन्या घरात खपायचं हो, हवा आपोआप यायची-जायची. आता नाही. आणि पोटात बाळ असेल, किंवा कुशीत तान्हं असेल, तर आधी त्याच्यावर येतं." परतीच्या रिक्षात नसीम बाळाच्या नावांबद्दल बोलत होती. मी रिक्षाची दांडी घट्ट धरून बसले होते.

घरी सगळे कामाला लागले होते. नसीमनं तुमची शेगडी राखेनं घासून लख्ख केली. मालीशवालीला सांगून ठेवलं. "बडीअम्माची इच्छा होती. तिच्याच शेगडीवर, तिच्याच खोलीत," हे ती ज्याला त्याला सांगायची आणि डोळे पुसायची. बोलायचं तर सगळंच बोलावं लागणार होतं. सलीम सकाळी जेवणाचा डबा घेताना तुमच्या खोलीत डोकावायचा आणि म्हणायचा, "निदान माझ्या घरात गेली, अम्मी. ऊबेत गेली. बावड्याच्या त्या गारठ्यात न्हाय." एवढ्या एका वाक्यावर तो पोरगा उभा होता. तुम्ही त्याला पाजलं नाहीत एवढंच, बाकी सगळं केलंत. त्याला मी कसं सांगू, की तुझी ती ऊबच?

म्हणून मी दाराला वरवंटा लावत राहिले. खिडकी उघडत राहिले. रबर कुरतडून बघितलं, चाकूनं. सलीमला ते दिसलं आणि तो चिडला. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? अख्खं घर त्या रबरावर चालतंय." रोज एक दिवस पुढं सरकत होता आणि नसीमचं पोट खाली उतरत होतं. माझी पाचावर धारण बसली होती. एकदा वाटलं शेगडीच भंगारात देऊन टाकावी, आणि चोरीला गेली म्हणावं. पण मग मालीशवाली दुसरी आणणार. शेगडी एक नाही, आपल्याकडं घरटी आहे.

शेवटी एका रविवारी सकाळी सांगितलं. चहा पिताना, उभ्या उभ्यानं. त्यानं कप खाली ठेवला नाही, तसाच धरून ऐकलं. मग म्हणाला, "डॉक्टरांनी हृदय लिहिलंय."

"व्हय."

"मग तू काय म्हणतीयास? म्या मारलं तिला?"

"म्या कुणाला काय बी म्हणत न्हाय, सलीम. म्या नसीमचं म्हणतीय."

तो उठला आणि गाडी काढून निघून गेला. तो येईपर्यंतचा वेळ कसा काढला ते माझं मला ठाऊक. वाटलं, तुम्हाला तर घेऊन गेलीच ही खोली, आता लेक मी माझ्या जिभेनं घालवला. दुपारी तो परत आला तेव्हा हातात मुठीत मावेल एवढं एक पिवळं यंत्र होतं. कंपनीत टाकीत माणूस उतरायच्या आधी आतली हवा बघतात, ते. साहेबांकडून मागून आणलं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी दोघी बाहेर बसा. तू म्हणतीयास ते खोटं निघणार हाय."

त्यानं तुम्ही केलंत तसंच केलं. गच्चीवर शेगडी पेटवली, धूर जाईपर्यंत थांबला. रिकाम्या खोलीत ठेवली, बाजेवर ते यंत्र ठेवलं, दार लावलं. मग आम्ही बाहेरच्या बाजूनं, काचेतून बघत उभे राहिलो. नसीमला मी लांब, फाटकापाशी खुर्चीवर बसवलं होतं. खोली किती छान दिसत होती, भाबी. ऊन आत पडलेलं, चादर स्वच्छ. मला मनातून वाटू लागलं, खोटंच निघू दे. मी येडी ठरू दे. अल्लाकडं मी तेच मागत होते, की माझं चुकलेलं असू दे आणि भाबी आपल्या हृदयानंच गेलेल्या असू देत.

यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. आवाज काहीच नाही. सलीम पुटपुटला, "बिघडलंय वाटतं. वाजायला पाहिजे." आणि त्यानं खिडकी जराशी सरकवली. त्या फटीतून जो कर्कश आवाज बाहेर आला त्यानं फाटकापाशी बसलेली नसीम दचकून उभी राहिली. यंत्र मघापासून ओरडत होतं. त्या काचांनी आम्हाला ऐकू येऊ दिलं नव्हतं.

सलीमनं श्वास धरून आत जाऊन शेगडी बाहेर आणली, दारं सताड उघडली. यंत्र ओरडायचं थांबलं तरी तो तिथं भिंतीला टेकून उभाच. मी जवळ गेले तर म्हणाला, "आधी माझ्या गुडघ्यावर बघती म्हणाली ना ती?" मी मान हलवली. "म्हंजे नसीमच्या जागंवर बसली ती, अम्मी." आणि मग तो लहानपणी रडायचा तसा रडला, तोंड उघडं टाकून. मी पण रडले. तुम्ही गेल्यावरचं माझं पहिलं रडणं ते. मला तुमचा राग आला, तुमच्या शहाणपणाचा, तुमच्या पांढऱ्या भिंतींच्या काळजीचा. आणि तुमचे पाय धरावेसे वाटले. दोन्ही एकदम आलं, कुठलं आधी ते सांगता येणार नाही.

त्यानं ते घर तोडलं नाही, काळजी करू नका. तुमच्या खोलीच्या भिंतीला वर एक आणि खाली एक अशी दोन गोल भोकं पाडून घेतली, जाळी लावून. एक यंत्रही मागवलंय. आतली शिळी हवा बाहेर घालवतं, बाहेरची ताजी आत घेतं, आणि जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देतं म्हणे, त्यामुळं विजेचंही फार जात नाही. "एसी नवी हवा आणत न्हाय अम्मी, तीच तीच फिरवतो," असं आता तो मला शिकवतो. हे घर बांधताना त्याला का सुचलं नाही, ते मी विचारत नाही. तो स्वतःला पुरेसं विचारतो.

नसीमला मुलगी झाली. शेक चालू आहे. तव्यावर फडकं गरम करते आणि मीच शेकते, तुमच्यासारखं जमत नाही. मालीशवाली नाक मुरडते. "शेगडीबिगर कसलं बाळंतपण," म्हणते. मी तिला सगळं सांगितलं. तुमचं नाव घेऊन, नखांच्या रंगापर्यंत सगळं. तुमच्या चाळिसाव्याच्या फातिहाला बावड्याच्या बायका येतील, त्यांनाही सांगणार आहे. त्यांनी तुमच्या तोंडावर बघितलेला नूर माझ्यामुळं जाईल, तुमच्या नावाला बट्टा लावला म्हणतील, मला त्याचीही भीती वाटते. पण बावड्यातही आता घट्ट लागणाऱ्या अॅल्युमिनियम सेक्शनच्या खिडक्या झाल्यात, भाबी. पत्रे जाऊन स्लॅब पडतायत, आणि शेगड्या त्याच आहेत.

सगळं केलं म्हणून भीती गेली असं समजू नका. आज सकाळी पोरगी बराच वेळ झोपली. खिडकी उघडी, जाळ्या उघड्या, घरात कोळसा नावाला नाही, हे सगळं मला ठाऊक. तरी तिची छाती हलताना दिसेना. नाकाशी बोट धरलं, तरी काही कळेना. मी तिच्या तळपायाला चिमटा काढला. चांगला, जोरात.

घर डोक्यावर घेतलं तिनं. नसीम धावत आली. "अम्मी! झोपल्या लेकराला चिमटा काढला तू?"

"व्हय, काढला," मी म्हटलं.

तिनं लेकराला माझ्याकडून घ्यायला हात पुढं केले. मी दिलं नाही. पोरगी तोंड वासून रडत होती, थांबून मोठा श्वास घेत होती आणि पुन्हा रडत होती, आणि मी तिला उगी उगी न म्हणता तशीच कवटाळून बसून राहिले.